हत्तीपाय: सगळं लक्ष बेचक्यांकडे हवं

गोळ्यांची मोहीम आली की पाय सुजलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "दरवर्षी गोळ्या खातो, पाय का उतरत नाही?" तो उतरणार नाही, कारण गोळ्यांचं कामच वेगळं आहे. मोहिमेतली मुख्य गोळी डीईसी मुख्यतः रक्तातली हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं मारते, म्हणजे डासामार्फत रोग पुढे जात नाही. मोठे जंत लसीकावाहिन्यांत (अंगातला लसीका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) वर्षानुवर्षं राहून त्या फुगवतात, आतल्या झडपा निकामी करतात. ते नुकसान गोळीने भरून येत नाही.

पाय जाड होत जातो तो मात्र बहुतेक वेळा जंतांमुळे नव्हे, तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांमधल्या चिरांमुळे. लसीका साचलेल्या पायात प्रतिकार कमी, घडीत ओल, चिखल्या. तिथून जिवाणू शिरले की थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, पाय लाल आणि गरम. असा प्रत्येक झटका पाय थोडा आणखी जाड करून जातो. झटके थांबले, तर पाय जिथे आहे तिथे तरी थांबतो.

म्हणून रोज पाय धुवा, जमल्यास दोनदा. टबात साधं पाणी, गरम नको. सुजलेल्या पायाला चटका लवकर कळत नाही. गुडघ्यापासून खाली साधा साबण हाताने लावा. ब्रश, घासणी, दगड नको. प्रत्येक घडी आणि बेचकी उघडून बोटाने धुवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पाय धुतला, की मऊ कापडाने टिपा, रगडू नका. बेचकीत सुती कापडाची पट्टी घालून ओल टिपून घ्या. बहुतेक जण चुकतात ते इथेच: पाय वरून कोरडा, बेचकी ओली. चिखल्या दिसल्या तर बुरशीचं मलम लावा. बसताना पाय वर ठेवा, झोपताना खाटेच्या पायथ्याला विटा लावा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोटा वर-खाली हलवत राहा. चप्पल रुंद हवी.

झटका आला की व्यायाम बंद, मालीश नको, पाला बांधू नका, चिरा देऊ नका. थंड पाण्याची पट्टी, पॅरासिटामॉल, आणि त्याच दिवशी दवाखाना. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण घ्या. डीईसी झटका ओसरल्यावर.

हत्तीपायाची रक्ततपासणी रात्री का, तर पिल्लं कातडीजवळच्या रक्तात मुख्यतः रात्री येतात, हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो त्याच वेळी. दिवसाचा नमुना फसवतो. आणि पाय सुजलेल्यांच्या रक्तात पिल्लं बऱ्याचदा सापडतच नाहीत, तेव्हा "रिपोर्ट निल" म्हणून निर्धास्त होऊ नका.

गोळ्या खऱ्या गरजेच्या आहेत त्या घरातल्या धडधाकट माणसांना. वयाप्रमाणे डीईसी: 2 ते 5 वर्षं 100 मिग्रॅ, 6 ते 14 वर्षं 200, त्यापुढे 300, सोबत अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी. आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषध असेल तिथे ते उंची मोजून देतात. उपाशीपोटी नको, 2 वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं वगळा. गोळीनंतर ताप, डोकेदुखी, चक्कर आली तर बहुधा पिल्लं मरताहेत म्हणून. एक-दोन दिवसांत जातं. आशाताईंच्या समोर गिळा, खिशात ठेवलेली गोळी कुणी खात नाही.

याच जंतांमुळे होणाऱ्या अंडवृद्धीचं (अंडकोशात पाणी साचण्याचं) गणित वेगळं आहे. तिथे शस्त्रक्रियेने माणूस मोकळा होतो, लाजून वर्षं काढू नयेत.

आणि संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपाला जाळी बांधा. क्युलेक्सची पैदास तिथेही होते.