फुंक बारीक, सूर भरीव

बासरीचा सूर फुसफुसायला लागला की बहुतेक जण आणखी जोरात फुंकतात, आणि फुसफुस वाढत जाते. ओठांतून निघालेली हवा मुखरंध्राच्या (ज्या छिद्रात फुंकतो त्याच्या) पलीकडच्या कडेवर आपटून दुभंगते, तिथेच सूर तयार होतो. जी हवा त्या कडेला चुकवून जाते तिचा सूर होत नाही, ती नुसती ऐकू येते. म्हणून आधी फुंक बारीक करा, जोराचं नंतर बघू.

तळहात ओठांपासून चार इंचांवर धरून फुंका. थंड हवेचा ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा जाणवायला हवा. अख्खा तळवा गार पडत असेल तर ओठांची फट मोठी आहे. मुखरंध्राचा साधारण तिसरा हिस्सा खालच्या ओठाखाली झाकला जाऊ द्या आणि बासरी केसभर आत-बाहेर फिरवत फुसफुस कुठे थांबते ते शोधा.

आता दमसास, म्हणजे श्वास टिकवण्याची ताकद. जमिनीवर चादर अंथरून उताणे झोपा (चादर सोलापुरात कुणाला शोधावी लागत नाही) आणि पोटावर जाडसं पुस्तक ठेवा. मिनिटाला ६० ठोके धरून (एक ठोका म्हणजे एक मात्रा) ४ मात्रांत श्वास घ्या. पुस्तक वर आलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग दातांमधून ‘स्स्स’ करत १२ मात्रांत सोडा, आठवड्याने १६, पुढे २०. पहिल्या चार मात्रांतच अर्धा श्वास संपतो, हे जवळपास सगळ्यांचं होतं. भरलेली छाती फुग्यासारखी आपोआप मिटायला बघते, त्यामुळे सुरुवातीला हवा ढकलायची नसतेच, तिला धरून ठेवायचं असतं. बरगड्या फुललेल्या ठेवा. पोटाचा जोर लागतो तो शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा.

हेच बासरीवर करा. पांढरी पाचची बासरी (जिचा सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीशी जुळतो), वरची तीन छिद्रं बंद, तानपुऱ्याबरोबर षड्ज, म्हणजे सा: ४ मात्रा श्वास, १२ मात्रा सूर, रोज दहा मिनिटं. शेवटच्या तीन मात्रांकडे कान ठेवा. दम संपत आला की हवेचा वेग घटतो आणि सूर उतरतो. बासरी फिरवून तो सावरू नका, ओठांची फट थोडी आवळा. हवा कमी झाली तरी वेग टिकतो आणि सूर जागेवर राहतो.

मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला, खरी परीक्षा असते. बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफलीत आणली ती अशाच खोल, गंभीर सुरांसाठी. सहाही छिद्रं बंद करून पंचम वरच्या सप्तकात उडी मारत असेल, तर एकतर फुंक जोराची आहे किंवा एखादं बोट हवा सोडतंय, बहुधा अनामिका. षड्जापासून एकेक बोट वाढवत नी, ध, प असं उतरा, सूर जिथे फाटेल तिथलं बोट तपासा. बोटं ठीक असतील तर जबडा सैल सोडून फुंक संथ करा. तार (वरच्या) सप्तकात याच्या उलट: फट आणखी बारीक, ओठ किंचित पुढे.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात पंखा बंद करा असं सांगवत नाही, पण त्याचा झोत मुखरंध्रावरून गेला की फुंक मोडते. पंखा पाठीमागे घ्या. हवा १० अंशांनी तापली तर बासरी जवळजवळ ३० सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढते, म्हणून पाच मिनिटं वाजवून मग तानपुरा बासरीला मिळवा. ओठ कोरडे पडले तर पाण्याचा घोट घ्या. तूप लावलं तर बासरी ओठावरून घसरते.

आणि रियाज जेवणाआधी. कडक भाकरी-शेंगा चटणीवर ताव मारल्यानंतर छाती-पोटामधल्या पडद्याला खाली सरकायला जागाच उरत नाही, श्वास छातीत वरवर अडकतो. निदान दीड तास जाऊ द्या, खळखळून चूळ भरा, नाहीतर चटणीचा कण नेमका मुखरंध्राच्या कडेला चिकटतो.