तुम्ही विचारलंत म्हणून: सभेला माणसं येतात कशी?

आजूबाजूच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी भेटले की हमखास विचारतात, "तुमच्याकडे वार्षिक सभेला माणसं येतात कशी? आमचा कोरमच भरत नाही." मी डोंबिवलीतल्या 36 घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी. यंदा 29 घरांतून कुणी ना कुणी आलं होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही सातजण होतो.

कोरम म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान माणसं: एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे आम्हाला 20 हवे होते. अर्धा तास वाट पाहिली, सभा तहकूब केली आणि नोटिशीत लिहिलेल्या वेळेला तिथेच पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. बहुतेकांना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं, माणसं आली नाहीत तर फार तर सभा होणार नाही. सभा होते. आमचीही झाली, आणि सातजणांनी इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव मंजूर केला. माझाही हात वर होता. गच्ची गळत होती, पण पाचव्या मजल्यावरचं एकही घर तिथे नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तिथल्या एका बेडरूममध्ये छताचा गिलावा पलंगावर पडला. नशिबानं पलंगावर कुणी नव्हतं. त्या घरातले काका मला जिन्यात भेटले आणि शांतपणे म्हणाले, "रंगाचं कुणी ठरवलं?" ते विचारणं मी अजून विसरलेले नाही.

सभेच्या नोटिशीला पुरे 14 दिवस द्यावे लागतात, पण नोटीस निघते तोवर विषयपत्रिका ठरलेली असते. म्हणून मी आता जुलैतच दारोदार जाते आणि विचारते, "यंदा तुमचा कुठला विषय घ्यायचा?" ज्याचा विषय पत्रिकेवर असतो, तो माणूस येतो. (वार्षिक सभेची 30 सप्टेंबरची मुदत गाठायला शेवटच्या रविवारी घाईनं सभा उरकायची पद्धतही आम्ही सोडली.)

दारात उभं राहिल्यावर लोकांच्या मनातलं कळतं. एक आजोबा म्हणाले, "मागे बोललो होतो, पण इतिवृत्तात एक अक्षर आलं नाही." त्यांचं खरं होतं. तेव्हापासून मत घेण्याआधी ठरावाचा मसुदा मोठ्यानं वाचतो आणि विरोध असेल तर तोही लिहितो.

बायकांचं उत्तर मात्र ठरलेलं: "सोसायटीचं आमचे हे बघतात." तिथे मी भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, काढायला लावते. भाग दोघांच्या नावावर असला तर पहिलं नाव असलेला माणूस हजर असताना मत त्याचं. तो नसेल तर दुसऱ्या नावाचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे यजमान बोटीवर नोकरीला. बारा वर्षांत त्या घरातून सभेला कुणी आलं नव्हतं, आणि दुसरं नाव ताईंचं! मी भागपत्र काढायला लावलं त्या वर्षी त्या आल्या, ताळेबंद घरी नीट वाचून आल्या आणि त्यांनी विचारलं, "सिंकिंग फंडाची एफडी संपली, मग ते पैसे बचत खात्यात का पडून आहेत?" (सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे.) आम्ही कमिटीवाले एकमेकांकडे बघत राहिलो. व्याज बुडत होतं आणि आमच्यापैकी कुणीही पासबुक उघडलेलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात पैसे परत मुदत ठेवीत गेले. त्याच सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव झाला, काम मे महिन्यात झालं.

सात घरं अजून येत नाहीत. चारांचे मालक दुसऱ्या गावी राहतात, त्यांना फोन करते. उरलेली तीन इमारतीतच आहेत. एका दारात दोनदा "बघू" ऐकून परत आले आहे. या रविवारी पुन्हा जाणार आहे.