व्ही-क्रॉसचा रेल प्रेशर बॉक्स: रेझिस्टर गेले, आर्डुइनो आला

गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २.५ लिटर डिझेल, बीएस-४. कंपनीचे आकडे १३४ बीएचपी, ३२० एनएम. माल भरून कुंभार्ली घाट चढताना दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसऱ्यात मरगळतं. तेवढ्यासाठी हा घरी बनवलेल्या डब्याचा खटाटोप: आधी आत रेझिस्टरची जोडी होती, आता आर्डुइनो आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. पंपाकडून आलेलं डिझेल जास्त दाबाने इंजेक्टरना पुरवणारी नळी म्हणजे रेल. तिच्यावरच्या प्रेशर सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. हा सिग्नल थोडा उतरवून पुढे दिला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दाब कमी पडतोय असं वाटतं. मग तो पंपाच्या सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हमधून जास्त डिझेल सोडतो आणि खरा दाब चढतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा, पण आत डिझेल जास्त. ‘चिप’ म्हणून विकले जाणारे बरेच डबे उघडून बघा, आत एवढंच असतं. आणि त्यांच्या जाहिरातीतल्या ३०-४० टक्क्यांवर जाऊ नका. डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे दाब १० टक्के वाढवला तर डिझेल जेमतेम ५ टक्के.

रेझिस्टरच्या जोडीची खरी अडचण आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, आहे. दाब शून्य असतानाही सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो. रेझिस्टर त्या अर्ध्या व्होल्टालाही कात्री लावतो, त्यामुळे ३०० बारच्या आसपास १० टक्क्यांची थाप जवळपास दुप्पट होते. सकाळी थंड इंजिनची टकटक वाढते ती यामुळेच.

आता आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) सिग्नल वाचतो, अर्धा व्होल्ट वजा करतो, उरलेल्यावर टक्के लावतो आणि एमसीपी४७२५ डॅकमधून (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) पुढे देतो. आयडल आणि हलक्या पायाला सिग्नल जसाच्या तसा. मधल्या पट्ट्यात हळूहळू १० टक्के. वरच्या टोकाला पुन्हा शून्य, कारण तिथे पंप आधीच दमलेला असतो. त्याहून ताणलं तर रेलचा प्रेशर लिमिटर उघडेल आणि ऐन ओव्हरटेकमध्ये गाडी बसेल. ईसीयूकडून जास्त दाबाच्या कोडची वाट पाहू नका, त्याचे डोळे आपणच बांधलेत. ओबीडीवरचं (गाडीच्या तपासणी सॉकेटवर दिसणारं) रेल प्रेशरही आता खोटं. खरा आकडा सेन्सरच्या बाजूला मीटर लावूनच कळतो.

एक गोष्ट कुणीही टाळू नये: रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. बोर्डाची वीज गेली की रिले आपोआप मूळ सिग्नल थेट ईसीयूला जोडतो. चालू गाडीत बोर्डाचा फ्यूज उपसून पाहिलं, इंजिनला पत्ताही लागला नाही.

फरक? तिसरा गिअर घाटात बराच जास्त वेळ टिकतो. सपाटीवर काही कळत नाही, कळू नये अशीच मांडणी आहे. दोन हजार आरपीएमखाली पाय दाबला की काळा धूर दिसतो, कारण डिझेल वाढवलं, हवा तेवढीच. तिथले टक्के उतरवतोय. धूर म्हणजे फुकट गेलेलं डिझेल, आणि पीयूसीला डोकेदुखी.

टक्के आणखी वाढवण्याआधी एक्झॉस्टचं तापमान बघायचंय. के-टाइप प्रोब (तापमानाचा सेन्सर) आणि तो वाचणारी मॅक्स६६७५ चिप आणून ठेवलेत. प्रोब टर्बोच्या आधी हवा, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडणं आलं. मॅनिफोल्ड न उतरवता, कीस चिकटून राहावा म्हणून ड्रिलला ग्रीस लावून कुणी केलंय का? बिडाचा एखादा कण टर्बाइनमध्ये गेला तर काय, याचीच धास्ती आहे. मला तरी उतरवूनच करावंसं वाटतं, गॅस्केटचा खर्च गेला तर गेला.