रिपोर्ट द्यायचा कोणी?

हर्णैची एक मुलगी माझ्याकडे सीडीएसच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेच्या, इंग्रजीसाठी येते. जानेवारीतल्या एका गुरुवारी ती क्लासला वडिलांना घेऊन आली. त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते कुठल्या प्रश्नपत्रिकेतलं नाही, एका विमा कंपनीच्या पत्रातलं आहे.

आधी परीक्षेचं थोडं सांगते, कारण दापोलीतल्या पालकांनाही ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. सीडीएसमधून चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जायचं असेल तर गणिताचा पेपर नसतो. इंग्रजीचे 100 आणि सामान्यज्ञानाचे 100, एवढ्यावरच लेखी परीक्षा होते. म्हणजे लेखीचा निम्मा निकाल इंग्रजीवर. इंग्रजीत 120 प्रश्न, वेळ दोन तास, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. चुका शोधण्याच्या प्रश्नात वाक्याचे तीन तुकडे करून दिलेले असतात आणि चौथा पर्याय असतो 'नो एरर'. मराठी माध्यमातून आलेली मुलं या चौथ्या पर्यायावर सगळ्यात जास्त गुण घालवतात. काळ, वचन, प्रीपोझिशन यांतल्या चुका त्यांना पाठांतरानं सापडतात. मॉडिफायरची चूक, म्हणजे वर्णनाचा तुकडा वाक्यातल्या भलत्याच शब्दाला जोडला जाण्याची चूक, सापडत नाही, कारण ते वाक्य त्यांच्या कानाला खटकतच नाही.

ही मुलगी त्यातलीच. डिसेंबरात घेतलेल्या तीन सराव परीक्षांत मॉडिफायरचे अकरा प्रश्न होते आणि तिनं नऊ ठिकाणी 'नो एरर' लिहिलं होतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, बाकी व्याकरण पक्कं. मी तिच्या उत्तरपत्रिका घरी नेल्या आणि दोन रात्री त्यांच्यासमोर बसले.

गाइडं लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो इथे. 'वॉकिंग इन द गार्डन, अ स्नेक बिट हिम' हे एकच उदाहरण वर्षानुवर्षं छापतात, खाली लिहितात की साप बागेत फिरत नव्हता म्हणून वाक्य चूक, आणि पुढच्या धड्याला लागतात. मुलं 'डँगलिंग मॉडिफायर', म्हणजे लटकता मॉडिफायर, हे नाव पाठ करतात. चूक का होते हे कोणी विचारत नाही. ती मराठीतून होते, आणि अगदी सरळ तर्कानं होते.

आपण म्हणतो, 'पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो.' थांबला पाऊस, निघालो आम्ही. 'सुट्टी असल्यामुळे आम्ही मुरुडला गेलो.' इथेही असणारी वेगळी आणि जाणारे वेगळे. '-ल्यावर', '-ल्यामुळे', 'असताना' ही रूपं आपला कर्ता बरोबर घेऊन येतात, आणि संदर्भानं कळत असेल तर तो गाळलेलाही चालतो. मुलं हे सगळं इंग्रजीतल्या एका '-इंग'मध्ये कोंबतात आणि 'बीइंग अ हॉलिडे, वी वेंट टू मुरुड' असं लिहितात. मराठीच्या दृष्टीनं त्यात काही बिघडलेलं नाही. इंग्रजीत मात्र सुट्टी म्हणजे आम्हीच, असा त्याचा अर्थ निघतो. तिथे 'इट बीइंग अ हॉलिडे' म्हणून कर्ता द्यावा लागतो, किंवा सरळ 'ॲज इट वॉज अ हॉलिडे' म्हणायचं. मी दुसरं शिकवते, कारण पहिलं शुद्ध असलं तरी तसं बोलताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

पण मराठीत '-ऊन'ही आहे, आणि त्याची शिस्त कडक आहे. 'बंदरावर पोचून बोट सुटली होती' असं हर्णैतलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. पोचणारा एक आणि सुटणारी दुसरी, हे '-ऊन' सहन करत नाही. 'फिरत', 'न सांगता', 'न देता' हीसुद्धा त्याच कुळातली. 'न सांगता पोरगा गेला' म्हटलं की न सांगणारा पोरगाच. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं: स्वल्पविरामाआधीचा तुकडा '-ल्यावर'नं वाचू नका. '-ऊन', '-त' किंवा 'न... ता' लावून वाचा, आणि स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम येईल त्याच्या गळ्यात ते काम बांधा. कान दुखला तर चूक आहे.

ही युक्ती माझी मीच शोधली आणि तिचा मला अभिमान आहे. ती सगळीकडे चालत नाही, हेही मुलांना सांगितलं. 'भात खाऊन मला झोप आली' हे आपल्याला चालतं, कारण व्याकरणात कर्ता झोप असली तरी मनातला मालक 'मला'मध्ये बसलेला असतो. इंग्रजीत झोपेनं भात खाल्ला असं होईल. 'कन्सिडरिंग', 'जजिंग बाय', 'जनरली स्पीकिंग' ही मंडळी उलट बाजूची. ती आता प्रीपोझिशनसारखी किंवा ठरीव शब्दप्रयोगासारखी वापरली जातात, त्यांना कर्ता शोधत बसायचं नाही. 'ओन्ली' हाही मॉडिफायरच, आणि त्याच्यासाठी तर मराठीत आयताच 'च' आहे. मीच पापलेट विकलं, मी पापलेटच विकलं, मी पापलेट विकलंच. 'च' ज्याला चिकटतो त्याचाच होतो, 'ओन्ली'लाही तसंच शब्दाला चिकटवून ठेवा म्हटलं की मुलांना दहा मिनिटांत समजतं. त्याच तासाला आणखी एक वाक्य मी बोलून गेले: 'वाचणाऱ्याला अर्थ तसाही कळतो रे, नियम पेपर तपासणाऱ्यासाठी आहे.' मुलांची भीती जावी म्हणून मी हे नेहमी म्हणायचे.

त्यानंतरचा गुरुवार. साडेचारची बॅच, बारा मुलं. ती दारात उभी आणि मागे वडील. संध्याकाळचा लिलाव सोडून हर्णैचा नाखवा दापोलीत येतो म्हणजे काहीतरी गंभीर असणार. मला वाटलं, क्लास बंद करायचा आहे. बोटीला ऑक्टोबरातल्या वाऱ्यात अपघात झाल्याचं मला माहीत होतं. वारा वाढला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. तशीच ही निघाली होती आणि खाडीच्या तोंडाशी आपटली. खलाशी पोहून बाहेर आले, पण बोटीचं एक अंग फुटलं आणि इंजिनात पाणी गेलं. बोट बँकेच्या कर्जावरची, त्यामुळे विमा होता.

"मॅडम, बाबांचं पत्र चुकीचं आहे," ती म्हणाली.

"चुकीचं म्हणजे?"

"डँगलिंग आहे."

वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. डिसेंबरच्या मध्यात आलेलं पत्र. मधलं वाक्य असं होतं: 'हॅविंग फेल्ड टू फर्निश द सर्वे रिपोर्ट विदिन द स्टिप्युलेटेड पिरियड, द कंपनी रिग्रेट्स इट्स इनॅबिलिटी टू एंटरटेन द क्लेम.'

मी त्यांना विचारलं, वर्गात वाचू का. "वाचा की बाई, बोटीचं काय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मी वाक्य फळ्यावर लिहिलं. अजून माझ्यातली मास्तरीणच जागी होती. चांगलं जिवंत उदाहरण मिळालं याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. मुलीला म्हटलं, लाव तुझी कसोटी. तिनं मराठीत वाचलं: "मुदतीत सर्वे रिपोर्ट न देता कंपनी दावा नाकारते आहे."

वर्ग गप्प झाला. वडिलांनी मान वर केली.

"बरोबर," मी म्हटलं. "आता दुरुस्त कर."

तिनं खडू घेतला, फळ्यापाशी गेली आणि थांबली. "मॅडम, दुरुस्त करायला कर्ता लागतो. कर्ता कोण घालू?"

मला उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं हा धडा शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता. पेपरात कर्ता पर्यायांमध्ये दिलेला असतो. 'ब' पर्यायात साप असतो, 'क' पर्यायात बागेत फिरणारा माणूस असतो, आपण माणसाला निवडून पुढे जातो. इथे पर्याय नव्हते. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात बहुधा 'तुम्ही' होतं, पण कागदावर ते नव्हतं.

मग मी वडिलांना समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. सर्वेयर कोणी पाठवला? कंपनीनं. किती वेळा आला? दोनदा. फोटो काढले, बोटीचे कागद पाहिले, दुरुस्तीचा अंदाज मागितला. तो यांनी रत्नागिरीहून आणून त्याच्या हातात दिला, आणि त्याची झेरॉक्स यांच्यापाशी आहे, कोपऱ्यात सर्वेयरची सही आणि तारीख. सर्वे रिपोर्ट तुम्ही लिहायचा होता का? "मी कसा लिहिणार बाई? तो साहेब लिहिणार." मग पत्र वाचून तुम्हाला काय वाटलं?

"वाटलं, माझ्याकडूनच एखादा कागद द्यायचा राहिला."

महिनाभर त्यांना तसं वाटत होतं. बँकेत कोणीतरी पत्राचा अर्थ सांगितला होता: रिपोर्ट वेळेत दिला नाही, म्हणून क्लेम गेला. कोणी दिला नाही, हे सांगणाऱ्यानं विचारलं नाही आणि ऐकणाऱ्यानंही विचारलं नाही. त्यांनी तो दोष स्वतःकडे घेतला, एका व्यापाऱ्याकडून उचल घेऊन इंजिन सोडवलं, आणि पुढच्या हंगामाचा माल त्याला बांधून दिला. घरात बायकोचे बोल ऐकले, की कागदपत्रांत तुम्ही असेच ढिले. वाचणाऱ्याला अर्थ तसाही कळतो, असं मी त्यांच्याच मुलीला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. वाचणाऱ्याला अर्थ कळलाच होता, फक्त कर्ता भलताच बसला होता. रिकामी जागा दिसली आणि त्या माणसानं तिथे स्वतःला बसवलं.

त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. बाराही मुलांनी मिळून उत्तराचा मसुदा केला. माझी अट एकच होती, प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा आणि प्रत्येक कर्त्याला तारीख. 'युवर सर्वेयर व्हिजिटेड द बोट.' 'माय फादर हँडेड हिम द एस्टिमेट.' शेवटी प्रश्न: रिपोर्ट कोणी द्यायचा होता, आणि कोणी दिला नाही? एका मुलानं 'काइंडली डू द नीडफुल' घातलं होतं, ते मी खोडलं. त्यातही करायचं काय ते कुठेच नसतं.

मसुदा दापोलीतल्या एका वकिलांना दाखवला. त्यांनी मला जमिनीवर आणलं. "बाई, कोर्ट वाक्याचा हेतू बघतं, स्वल्पविरामापुढचं नाम बघत नाही. 'तुमच्याच वाक्यानुसार चूक तुमची' हा मुद्दा टिकणार नाही, तो काढा. पण रिपोर्ट देणं कोणाचं काम, हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, तो ठेवा. आणि झेरॉक्स जोडा." मी तो मुद्दा काढला. वाईट वाटलं, कारण मुलांना तोच सगळ्यात आवडला होता. पत्र पोस्टानं गेलं.

मुलीचे गुण वाढले. फेब्रुवारीतल्या दोन सराव परीक्षांत मॉडिफायरचा एकही प्रश्न चुकला नाही. एप्रिलमध्ये पेपर आहे. तिनं सांगितलं की आता ती नियम आठवतच नाही, प्रत्येक वाक्यात 'कोण?' विचारते. मी पुढच्या बॅचला डँगलिंग हे नाव शेवटी सांगते, आधी ते पत्र सांगते. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, हे वाक्य मी बंद केलं आहे.

गेल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. ती ते घेऊन थेट एसटी स्टँडवरून क्लासला आली. चार ओळी. त्यात म्हटलं होतं: 'द सर्वे रिपोर्ट वॉज नॉट रिसीव्ह्ड इन टाइम. द मॅटर इज बीइंग री-एक्झामिन्ड.'

मी दोनदा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नाही. हे वाक्य प्रश्नपत्रिकेत आलं असतं तर मी स्वतः 'नो एरर'वर खूण केली असती आणि मुलांनाही तेच सांगितलं असतं. माझी '-ऊन'ची कसोटी इथे लागूच पडत नाही, कारण लटकायला काही उरलेलंच नाही. पहिल्या पत्रात निदान एक तुकडा कर्ता शोधत हिंडत होता. या पत्रात शोधणाराही काढून टाकला आहे. री-एक्झामिन करणार म्हणजे दार पूर्ण बंद नाही, एवढं मी वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण करणार?" ते पत्रात नव्हतं.

तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला, पेन्सिल काढली, 'नॉट रिसीव्ह्ड'च्या खाली बारीक अक्षरात 'कोणाकडून?' लिहिलं आणि 'री-एक्झामिन्ड'च्या खाली 'कोण? कधी?' मग वही उघडून दुसऱ्या पत्राचा मसुदा सुरू केला. हर्णैची शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी घड्याळ बघत होते.