भोसरी ते न्यूरेम्बर्ग: रायफल बाहेर विकायची तर आधी कोणते कायदे पार करावे लागतात

दादांच्या भोसरीच्या शॉपमध्ये ऑफिसच्या भिंतीवर दोन ड्रॉइंग लावलेली होती. एक .३०-०६ काडतुसाची बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागणारी; दुसरी त्याच काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी. मार्चमध्ये आम्ही दोघं जर्मनीत न्यूरेम्बर्गला आयडब्ल्यूए या शिकारी आणि नेमबाजीच्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला जाऊन आलो आणि परतल्यावर दुसरं ड्रॉइंग दादांनी स्वतःच काढून कपाटात ठेवलं. मधल्या सहा दिवसांत काय कळलं ते इथे लिहितो. पुण्यात परवाना घेऊन या धंद्यात उतरलेली किंवा उतरू पाहणारी बरीच मंडळी आहेत, त्यांचे पैसे आणि महिने वाचावेत एवढीच इच्छा.

मी निर्यातीची कागदपत्रं करून देतो. पंप, कास्टिंग, ऑटोचे पार्ट यांत आयुष्य गेलं. दादांकडे शस्त्रनिर्मितीचा परवाना आहे, पण देशात गिऱ्हाईक कुठे? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. वैयक्तिक परवाना मिळवणं किती अवघड ते सगळ्यांना माहीत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. शिवाय आपली काडतुसंही वेगळी. इंग्रजांनी लष्करी .३०३ सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून बंदी घातली, त्यातून .३१५ ची चाल पडली आणि ती अजून चालू आहे. त्या .३१५ ला बाहेर कोणी विचारत नाही. म्हणून .३०-०६, म्हणून परदेश.

निघण्याआधी माझ्या डोक्यात एक साधा मुद्दा यायला हवा होता. आपणच ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकीची आयात बंद ठेवली आहे. स्वप्निल कुसाळेसारखा नामवंत नेमबाज किंवा बालेवाडीच्या रेंजवर सराव करणारी मुलं यांच्यासाठी वेगळी वाट आहे, पण तीही अटींची. मग समोरच्या देशाने आपल्या रायफलीसाठी दार सताड उघडं का ठेवावं? आम्ही दर आणि क्वालिटीचा विचार करून निघालो होतो. तिथे पहिल्या तासात कळलं की दराची वेळ फार उशिरा येते.

पुण्यातच करायची कामं आधी सांगतो. रायफल, तिचे मुख्य भाग आणि काडतूस हे सगळं स्कोमेट या सरकारच्या निर्यात-नियंत्रण यादीच्या सहाव्या गटात येतं. निर्यातीची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. प्रदर्शनासाठी तात्पुरता नमुना नेतो म्हटलं तरी ती निर्यातच धरली जाते. यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे तंत्रज्ञानही त्याच यादीत आहे. लॅपटॉपमधली सॉलिडवर्क्सची (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची) फाइल समोरच्या माणसाला दिली, तर तीही नियंत्रित वस्तू बाहेर दिल्यासारखीच आहे. आम्ही ड्रॉइंग, फाइल सगळं पुण्यात ठेवलं आणि फक्त बाहेरून दिसणारे फोटो, वजन, लांबी असलेली चार पानांची छापील माहिती नेली. तेवढ्यावर बोलणं छान होतं. ज्याला आत बघायचंय तो नंतर रीतसर कागद पाठवतो.

सामानाची बॅग नवीन घ्या किंवा पूर्ण उलटी करून झटका. दादांच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात काडतुसाची रिकामी पितळी केस निघाली, शॉपमधलीच. घरी निघाली म्हणून बरं. विमानतळाच्या एक्स-रेवर निघाली असती तर विमान गेलं असतं आणि वर पोलिसांना जबाब द्यावा लागला असता.

प्रदर्शनात फक्त या धंद्यातल्या लोकांना प्रवेश मिळतो. ऑनलाइन नोंदणी करताना धंद्याचा पुरावा मागतात, तेव्हा जीएसटी नोंदणी, परवान्याची प्रत आणि लेटरहेडवरचं पत्र इंग्रजीत तयार ठेवा. आमचं पहिलं पत्र मोघम होतं, परत पाठवलं. दुसऱ्यात परवान्याचा तपशील लिहिला, मग लगेच झालं.

मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून विमानतळाखालूनच थेट आयसीई रेल्वेने न्यूरेम्बर्ग. प्रदर्शनाच्या दिवसांत शहरातल्या हॉटेलांचे दर अंगावर येतात. आम्ही शेजारच्या फ्युर्तमध्ये उतरलो. भुयारी रेल्वेची यू-१ ही एकच गाडी फ्युर्तहून न्यूरेम्बर्गमधून थेट प्रदर्शनाच्या ‘मेस’ स्टेशनला नेते, बदलायची गरज नाही. थंडी असते, थर्मल घ्या. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दोन दिवस पुरल्या, नंतर ब्रेड आणि चीजवर भागवलं.

आता मुख्य गोष्ट. एका जर्मन आयातदाराच्या स्टॉलवर आमची माहितीपत्रकं बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: सीआयपीचा शिक्का आहे का? सीआयपी हा देशांचा करार आहे. त्यातल्या प्रत्येक देशात नागरी बंदूक विक्रीआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं झाडून तपासावी लागते आणि मग नळीवर शिक्का बसतो. भारत या करारात नाही. म्हणजे दादांनी भोसरीत कितीही चाचण्या केल्या तरी त्या तिथे धरल्या जात नाहीत. माल जर्मनीत उतरल्यावर उल्म किंवा झुहलसारख्या ठिकाणच्या प्रूफ हाउसमध्ये जातो, तिथे पास झाला तरच दुकानात. उल्म हे नेमबाजांच्या ओळखीचं गाव आहे. आन्शुट्झ तिथलीच, म्हणजे बालेवाडीतल्या कित्येक मुलांच्या खांद्यावरची रायफल त्याच गावची. दादांना ते ऐकून बरं वाटलं. मला चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापांची काळजी वाटली, कारण सीआयपीचे तक्ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बोलतात. आपण आपल्या गेजवर विसंबून दोनशे नग पाठवले आणि ते तिथे नापास झाले, तर परत आणायला पुन्हा सगळ्या परवानग्या. आधी दोन नग पाठवा. हा सल्ला त्या आयातदारानेच दिला आणि पैसे मागितले नाहीत.

जर्मनीत घेणाऱ्यालाही आपली गरज सिद्ध करावी लागते. तो शिकाऱ्याची परीक्षा पास असतो किंवा नेमबाजी क्लबाचा सभासद असतो. त्यामुळे गिऱ्हाईक मोजकंच, पण जाणकार.

फ्रान्सची एक गोष्ट .३०-०६ वाल्यांनी लक्षात ठेवावी. २०१३ पर्यंत तिथे लष्करी काडतुसांच्या नागरी रायफलींवर कडक निर्बंध होते आणि .३०-०६ त्यातच मोडायचं. तोच नळीचा व्यास, पण काडतूस वेगळं, तर रायफल चालायची. आता तो नियम गेला आहे, पण काही देशांत लष्करी कॅलिबरवरचे निर्बंध अजून आहेत. विकण्याआधी काडतुसाचं नाव त्या त्या देशाच्या कायद्यात शोधा.

अमेरिकेच्या बाजारावर दादांची सगळी भिस्त होती. इतक्या बंदुका असलेल्या देशात काय अडचण येणार, असं वाटतं. अडचण बाहेरून येणाऱ्या मालाला आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये आयातीसाठी अट घातली आहे की शस्त्र ‘स्पोर्टिंग’ कामासाठी, म्हणजे शिकार किंवा नेमबाजीसाठी योग्य असलं पाहिजे. १९८९ मध्ये याच अटीवर बोट ठेवून ४३ प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची आयात थांबवली आणि १९९८ मध्ये लष्करी मोठी मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) घेणाऱ्या रायफलीही त्यात आल्या. अशा रायफलींवरची देशांतर्गत बंदी १९९४ ची होती, ती २००४ मध्ये मुदत संपून गेली. त्यामुळे अनेकांना वाटतं आता सगळं खुलं आहे. आयातीची बंदी मात्र १९६८ च्या कायद्यावर उभी असल्याने ती तशीच राहिली.

मग सुट्या भागांत पाठवून तिथे जोडायचं का, असं दादांनी विचारलं. त्याचाही बंदोबस्त आहे. ९२२(आर) हे कलम. नळी, रिसिव्हर (बोल्ट आणि ट्रिगर ज्यात बसतात तो मधला सांगाडा), बोल्ट, ट्रिगर, मॅगझिनची बॉडी, दस्ता वगैरे वीस भागांची यादी आहे. आयातीला अपात्र असलेल्या नमुन्याची सेमी-ऑटोमॅटिक रायफल जोडायची, तर त्यातले दहापेक्षा जास्त भाग परदेशी चालत नाहीत. हिशेब केला तर उरलेले भाग तिथल्या कारखान्यात बनवावे लागतात, मग भोसरीत काय उरलं? वर एखाद्या देशावर राजकीय कारणाने बंदी येते ती वेगळीच. १९९४ मध्ये चिनी रायफलींचं तेच झालं, रातोरात मोठा बाजार गेला.

बोल्ट-ॲक्शनचा मार्ग सरळ आहे, पण फुकट नाही. आयातदाराकडे फेडरल परवाना आणि एटीएफ या शस्त्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याकडची नोंदणी लागते. प्रत्येक मालासाठी आयातीच्या परवानगीचा फॉर्म ६ चा अर्ज तो करतो, आपण नाही. लांब बंदुकीवर आयातदाराला ११ टक्के एक्साइज भरावा लागतो, कस्टम ड्युटी वेगळी. हे दोन्ही धरून तुमचा दर सांगा, नाहीतर पहिल्याच मेलमध्ये बोलणं थांबतं. आणि रिसिव्हरवर किंवा नळीवर आयातदाराचं नाव, शहर, राज्य कोरावं लागतं. खोली किमान .००३ इंच, नंबराची उंची किमान १/१६ इंच. ब्लूइंग (गंज रोखणारा काळा-निळा थर) करून झाल्यावर हे आठवलं तर काम दुप्पट.

तिसऱ्या दिवशी एका वयस्कर स्कॉटिश विक्रेत्याशी बोललो. दादांनी विचारलं, इतके कडक नियम कशाला? ते म्हणाले, डनब्लेन त्यांच्या गावापासून लांब नाही. १३ मार्च १९९६ ला तिथल्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, पुढच्या वर्षी हँडगनवर बंदी आली. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक रायफली तर ब्रिटनमध्ये १९८८ पासूनच बंद आहेत, हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर. त्यानंतर मी रात्री फ्युर्तच्या खोलीत बसून बाकीचे देश ओळीने तपासले. ऑस्ट्रेलिया: पोर्ट आर्थर, एप्रिल १९९६, ३५ मृत, मग राष्ट्रीय करार आणि सुमारे साडेसहा लाख शस्त्रं सरकारने परत विकत घेतली. न्यूझीलंड: क्राइस्टचर्च, १५ मार्च २०१९, ५१ मृत, पुढच्याच महिन्यात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंद. कॅनडा: १ मे २०२०, सुमारे दीड हजार मॉडेलांवर बंदी, तीही नोव्हा स्कोशियाच्या हत्याकांडानंतर दोन आठवड्यांत. इतकी वर्षं मी कलमांकडे अडथळे म्हणूनच बघत आलो. प्रत्येक कलमामागे कोणाची तरी मुलं आहेत हे त्या रात्री पहिल्यांदा नीट समजलं, आणि दादांना सकाळी चहावर तेच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दुसरं ड्रॉइंग नको.

धंद्याच्या बाजूनेही ते बरोबरच आहे. सेमी-ऑटोमॅटिक नमुन्यावर दोन वर्षं घालायची आणि एका सकाळी एका घटनेनंतर चार देशांचे बाजार बंद, असं होऊ शकतं. बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलीला यातल्या बहुतेक देशांत अजून जागा आहे. ऑस्ट्रेलियात ती ‘बी’ वर्गात येते, परवानाधारक ती घेऊ शकतो, फक्त स्वसंरक्षण हे कारण तिथे चालत नाही. आयातीला पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं.

भेटीगाठींबद्दल एक सूचना. पहिले दोन दिवस प्रत्येकाला मोठे सौदे करायचे असतात, नव्या माणसाला वेळ मिळत नाही. आमची खरी बोलणी शेवटच्या दिवशी दुपारनंतर झाली. कार्डवर परवान्याचा प्रकार छापून घ्या. आणि ज्या आयातदाराने तुमच्याआधी स्वतः कायद्याचा विषय काढला, त्याच्याकडे परत जा.

दादांनी बोल्ट-ॲक्शनच्या ड्रॉइंगमध्ये बदल केला आहे. रिसिव्हरच्या डाव्या बाजूला कोरण्यासाठी सपाट जागा मोकळी सोडली आहे, आयातदाराच्या नावासाठी. चेंबरचं माप सीआयपीच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा काढायला दिलं आहे. दोन नमुन्यांच्या निर्यातीचा अर्ज मी या आठवड्यात भरतो आहे.