परदेशी पाहुण्यांना घेऊन अजिंठा, वेरूळ आणि लोणार

जर्मनीत होतो तेव्हा शेजारी राहणारी मैत्रीण, तिचा नवरा आणि तिची सत्तरी ओलांडलेली आई जानेवारीत पुण्याला आमच्याकडे आले. दिल्ली, आग्रा, जयपूर त्यांचं मागच्या खेपेलाच झालं होतं. या वेळी त्यांना मराठवाड्यात न्यायचं आणि गाडीनेच न्यायचं, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. परदेशी पाहुण्यांना घेऊन याच वाटेने निघणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी यादी कापा. पाहुणे म्हटले की आपला जीव राहत नाही. शिर्डी वाटेवरच आहे, शिंगणापूर चार पावलांवर आहे, पैठण राहिलं तर कसं, असं करत करत पाहुणे दिवसभर गाडीत बसून राहतात. घरातल्या सगळ्यांचे आग्रह बाजूला ठेवून मी तीनच मोठी ठिकाणं धरली आणि प्रत्येकाला अख्खा दिवस दिला. सहल चांगली झाली ती त्यामुळेच.

घरी मुक्काम असेल तर एक सरकारी काम टाळता येत नाही. परदेशी नागरिक आपल्याकडे उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. बरीच वर्षं ती ‘फॉर्म सी’ नावाने ओळखली जात आली आहे. हे काम फक्त हॉटेलांचं असं बरेच जण धरून चालतात, पण घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही ते लागू आहे. आधी स्वतःची आणि पत्त्याची नोंदणी करायची, मग पासपोर्ट, व्हिसा आणि आल्याची तारीख भरायची. पाहुणे यायच्या आठवडाभर आधी नोंदणी उरकून ठेवा, म्हणजे विमानातून उतरून थकून आलेल्या माणसांकडे कागद मागत बसावं लागत नाही.

हॉटेलांनाही हीच नोंद करावी लागते, म्हणून छोट्या गावांतले काही लॉजवाले परदेशी माणसांना घेतच नाहीत. मी बुकिंगच्या आधी प्रत्येक ठिकाणी फोन करून स्पष्ट विचारलं आणि काहींनी तिथेच नाही म्हणून सांगितलं. हे रात्री नऊ वाजता काउंटरसमोर ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेलं बरं.

वार सांभाळा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. आम्ही मंगळवारी पुण्याहून निघालो, बुधवारी अजिंठा, गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी लोणार. शनिवार-रविवारची गर्दीही यात आपोआप टळते. दोन्ही लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये आहे. हा फरक त्यांना आधीच सांगून ठेवा. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आपलीच माणसं परदेशी नागरिकत्व घेऊन आली असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असेल, तर त्यांना भारतीय दर लागतो, मात्र मूळ कार्ड जवळ हवं.

गाडी ड्रायव्हरसकट घ्या. आपण स्वतः चालवली तर पाहुण्यांशी बोलणं होत नाही. गाडी ठरवताना मागच्या सीटचे बेल्ट वापरता येतात का, एवढं नक्की विचारा. बऱ्याच गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात आणि युरोपातली माणसं बेल्टशिवाय बसायला तयार होत नाहीत. आमच्या ड्रायव्हरदादांनी आदल्या संध्याकाळी कव्हरं सोडवून सगळे बेल्ट वर काढून ठेवले. दुसरी गोष्ट अंधाराची. उसाच्या हंगामात नगर रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते आणि मागे दिवा असेलच याची खात्री नसते. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम आम्ही मोडला नाही.

पुणे ते छत्रपती संभाजीनगर साधारण २३० किलोमीटर. नुसता प्रवास पाच-सहा तासांचा, पण जानेवारीत या रस्त्याला हुरड्यासाठी वेळ काढायलाच हवा. अहिल्यानगरच्या अलीकडे एका शेतावर थांबलो. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर गूळभेंडी ज्वारीची कणसं भाजत होती. मैत्रिणीच्या आईने गरम कणीस उचललं तसे दादा पुढे झाले, ‘आजी, थांबा, हात भाजंल!’ म्हणाले आणि स्वतःच्या तळहातावर कणीस चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे त्यांच्या हातात ओतले. त्यानंतर सहलभर सगळ्यांनी त्यांना आजीच म्हटलं आणि त्याही त्या हाकेला वळून बघायला लागल्या. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही असतं. तिखट वेगळं असल्यामुळे पाहुण्यांची पंचाईत होत नाही.

पुढे प्रवरासंगमाला पूल ओलांडायच्या आधी टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर पाहिलं. प्रवरा आणि गोदावरी मिळतात तिथे, हायवेपासून अगदी जवळ, पेशवाईतलं कोरीव दगडी काम, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. पाय मोकळे करायला याहून चांगली जागा या रस्त्यावर मला माहीत नाही.

अजिंठा संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर. अडीच तास धरा आणि सकाळी सातला निघा. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने. बसच्या वाटेवर दुकानं आहेत आणि परदेशी चेहरा दिसला की स्फटिकवाले मागे लागतात. आपल्या काळ्या दगडात सापडणारे हे स्फटिक खरोखर सुंदर असतात, पण काही रंगवलेलेही असतात, शिवाय विमानाच्या सामानात वजन होतं. ‘परतताना बघू’ असं सांगितलंत तर तो माणूस परतताना नेमका तुम्हालाच गाठतो. नको असेल तर नकोच म्हणा.

चित्रं असलेल्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात. नाडीचे बूट घालून आलेला माणूस दर लेण्यापाशी खाली बसतो, म्हणून सहज निघणारी पादत्राणं आणि जाड मोजे सांगा. फ्लॅश चालत नाही. आजींसारख्यांसाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवा आणि कुठल्या लेण्यांपाशी उतरायचं तेही.

पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बहुतेक लोक तेवढ्यात एक चक्कर मारून बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका. पाच-सात मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावू द्या. मग पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू उमटतं. खाली झुकलेल्या पापण्या, हातातलं निळं कमळ, मुकुटाच्या बारीक रेषा. ही चित्रं कोरड्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत आणि त्यातला निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, हे गाइडने सांगितलं तेव्हा मैत्रीण पुन्हा मागे फिरून ते बघत बसली. गाइड घ्याच, आणि छातीवर परवान्याचा बिल्ला असलेलाच घ्या. आपण कितीही वाचलेलं असलं तरी रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाला कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते ठाऊक असतं. दहाव्या लेण्यात त्याने जॉन स्मिथची कहाणी सांगितली. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला तिथल्या खांबावर चक्क चित्रावर आपलं नाव कोरून ठेवलं आहे.

मैत्रिणीचा नवरा सुतार आहे, जुन्या घरांची लाकडी छपरं दुरुस्त करतो. चित्रांपाशी तो फारसा रमला नाही. एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यातल्या चैत्यगृहांत, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांत, मात्र त्याने वर पाहिलं आणि तिथेच थांबला. कमानदार छताला दगडातच तुळया कोरलेल्या आहेत, अगदी लाकडी बांधकामाला असतात तशा, जरी त्यांच्यावर कसलाही भार नाही. आधी चैत्यगृहं लाकडाची असत, दगड कोरणाऱ्यांनी तेच रूप पुढे नेलं, हे गाइडने सांगायच्या आत त्याला कळलं होतं. नंतर त्याला अर्धवट राहिलेलं चोविसावं लेणं दाखवलं. त्यावरून खोदकाम कसं पुढे सरकत गेलं ते दिसतं. तिथे तो अर्धा तास होता आणि आम्ही बाहेर बाकावर बसून वाघूर नदीचं वळण बघत होतो. दिवस मोकळा ठेवला की हे होतं. तुमच्या पाहुण्यांचा धंदा-छंद काय आहे तो गाइडला सुरुवातीलाच सांगा.

वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर. उघडल्या-उघडल्या सोळावं, म्हणजे कैलास लेणं गाठा. नऊनंतर शाळांच्या सहलींच्या एसट्या येऊ लागतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर खालून एकदा आणि बाजूच्या चढाने डोंगरावर जाऊन वरून एकदा, असं दोन्हीकडून बघावं. वरून पाहिल्याशिवाय ते बांधलेलं नसून कोरलेलं आहे, हे मनाला पटत नाही. कडेला सगळीकडे कठडा नाही, मुलं असतील तर हात धरा. नंतर दहावं लेणं बघा, ‘सुताराची झोपडी’ म्हणतात ते. आमच्या सुताराला कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता! तीस ते चौतीस ही जैन लेणी लांब आहेत, तिथे बसने जा आणि इंद्रसभा चुकवू नका. लेण्यांची तोंडं पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतरचा उजेड आत छान येतो.

सेल्फीचं बोलायला हवं. कैलासाच्या आवारात सहावी-सातवीच्या मुलींचा घोळका आला आणि ‘हॅलो, विच कंट्री?’ करत आजींभोवती जमला. आजींना ते फार आवडलं, मैत्रिणीला नाही. आम्ही आदल्या रात्रीच ठरवलं होतं की तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला की आता पुरे. तिने हात ठेवला, मी मुलींच्या बाईंना म्हटलं, ‘बाई, आता एकच सगळ्यांचा फोटो घेऊ आणि पाहुण्यांना सोडू या.’ बाईंनी लगेच मुलींना ओळीत उभं केलं. एकेकाला नाही म्हणत बसण्यापेक्षा एक सामुदायिक फोटो हा उत्तम मार्ग. तरुण मुलांचा घोळका न विचारता फोटो काढायला लागला तर मात्र भिडस्तपणा नको, मराठीत मोठ्याने थांबवा.

शेजारच्या घृष्णेश्वरात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो, हे आधी सांगितलं की अवघडलेपणा राहत नाही. परतीच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने चढून पाहिला, आजी आणि मी खाली चहा घेतला. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, जायला टॉर्च हवा आणि वटवाघळांचा वास सोसायची तयारी.

लोणारला जालना, सिंदखेडराजा अशी वाट धरली, साधारण तीन तास. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीला तिथे प्रचंड लोक येतात, तो दिवस टाळा किंवा तो सोहळाच पाहायचा म्हणून जा. लोणारचं विवर उल्काघाताने काळ्या बसाल्टमध्ये झालेलं आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. काठावरून दिसतं त्यावर भागवू नका, गोमुखाच्या बाजूने खाली उतरा. अभयारण्य आहे, पाणी बरोबर ठेवा आणि उन्हं कलायच्या आत वर या. आजी वरच थांबल्या आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर त्यांनी निवांत पाहिलं.

खाण्याबद्दल थोडं. ‘कमी तिखट’ सांगून काही होत नाही, तर्री वेगळ्या वाटीत मागा. पिठलं-भाकरी, तूप, दही, साधं वरण यांवर पाहुणे आनंदाने राहतात. कच्ची कोशिंबीर आणि उसाच्या रसातला बर्फ टाळा. पाणी सीलबंद किंवा घरून उकळून नेलेलं. परदेशी कार्ड लहान गावात चालेल याचा भरवसा नाही, तेव्हा सुट्या नोटा आणि तुमचं यूपीआय तयार ठेवा, हिशोब रात्री करा. स्वच्छतागृहासाठी चांगलं हॉटेल दिसलं की गरज असो-नसो थांबायचं. टिश्यूचा रोल गाडीत. ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपायची सोय हॉटेलात आहे का, हे बुकिंगच्याच फोनवर विचारा.

त्यांचं परतीचं विमान मुंबईहून होतं. पुण्याला परतल्यावर सुताराने विचारलं होतं, दगडातल्या तुळया पाहिल्या, खऱ्या लाकडाच्या कुठे आहेत का? आहेत, आणि वाटेवरच आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी तुळया अजून छताला आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडाची. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ असल्याने रविवारी आणि चैत्रात तिथे भक्तांची रीघ असते. आठवड्यातला मधला वार धरा, पायऱ्या बऱ्याच आहेत म्हणून सकाळी जा, आणि विमान रात्रीचं असलं तरी दुपारी दोनच्या आत तिथून निघा, कारण घाटात आणि पुढे पनवेलनंतर किती वेळ जाईल याचा नेम नसतो.