माठ, 'म्हणून' आणि दोन मार्क

खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन दारात उभी राहिली की बायको टीव्हीचा आवाज कमी करते. "आली तुमची शिकवणी," म्हणते. शिकवणी वगैरे काही नाही. बीएस्सी होऊन मला तीस वर्षं झाली आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेलं. पण आमच्या विंगमध्ये सायन्सवाला म्हणून मीच काय तो उरलोय.

"काका, गिव्ह सायंटिफिक रीझन्स. उद्या वही तपासणारेत."

शास्त्रीय कारणे लिहा! अकोल्याच्या शाळेत आम्हालाही हेच असायचं. उत्तराची एक ठरलेली रीत होती. आधी नियम, मग मधे दोन ओळी काहीतरी, आणि शेवटी 'म्हणून' लिहून अख्खा प्रश्न पुन्हा उतरवायचा. आमचे सर म्हणायचे, बाकी काही सुचलं नाही तरी 'म्हणून' सोडू नका, अर्धा मार्क त्याचाच असतो. त्या अर्ध्या अर्ध्या मार्कांनी मला बऱ्याच वेळा तारलंय.

पहिलाच प्रश्न माठाचा. मातीच्या माठातले पाणी थंड का होते?

"माठ सच्छिद्र असतो," मी सुरुवात केली.

"म्हणजे?"

"बारीक बारीक भोकं असतात त्याला."

"हां, पोरस!"

सेमी इंग्लिशचा हा घोळ. तिला सच्छिद्र कळत नाही, आणि पोरस म्हटलं की मला सिकंदरासमोर उभा राहिलेला राजा दिसतो. शेवटी आमच्यात तडजोड झाली: माठ झिरपतो. झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगावर येतं, हवेत उडून जातं, आणि उडायला लागणारी उष्णता माठाकडून, म्हणजे आतल्या पाण्याकडून उचलतं. एक ग्रॅम पाणी असं उडायला साधारण 580 कॅलरी लागतात. वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. दहा लिटर पाणी पाच अंशांनी गार करायचं तर 50,000 कॅलरी बाहेर काढायच्या. बाहेरून आत येणारी उष्णता सोडून दिली, तर त्यासाठी जेमतेम 86 ग्रॅम पाणी उडालं की झालं. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाएवढं! मी खूश होऊन तिच्याकडे पाहिलं.

ती खूश नव्हती. "पण काका, आमच्या माठातलं पाणी गारच होत नाही."

आता हे बघायलाच हवं होतं. खाली गेलो. वहिनींनी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला माठ मोठ्या हौसेनं दाखवला. गेरूच्या रंगाचा चकचकीत ऑइलपेंट आणि त्यावर पांढरी वारली चित्रं, तारप्याभोवती फेर धरलेली माणसं. हात फिरवून पाहिला. ठणठणीत कोरडा. भोकं सगळी रंगानं बुजलेली. पाणी झिरपणार कुठून आणि उडणार काय? हे वहिनींना सांगताना मला उगीचच अपराधी वाटलं. "म्हणजे आता हा नुसता शोभेचा?" त्या म्हणाल्या. मी चित्रांचं जरा जास्तच कौतुक केलं आणि वर आलो.

आमचा माठ बिनरंगाचा, याच मार्चमध्ये घेतलेला. त्याची परीक्षा घ्यायची ठरली. घरात तापमापक एकच, ताप बघायचा डिजिटल. तो पाण्यात बुडवला. 'पीं' वाजलं आणि पडद्यावर आलं, 'लो'. पाणी किती गार आहे, ते सांगायला त्यानं साफ नकार दिला. तापाच्या माणसासाठी बनवलेलं यंत्र ते, 32 अंशांच्या खाली त्याच्या लेखी काही नाहीच. मग तिनं एक बोट माठात आणि एक नळाखाली धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थोडंसंच गार आहे."

खरं होतं ते. ठाण्याच्या हवेचं पोट एप्रिलमध्ये आधीच ओलाव्यानं भरलेलं असतं. तिला आणखी पाणी नको असतं. इथं दोरीवरची चादर वाळायला दिवस घेते, तर माठ तरी काय करील? अकोल्याला आमच्या अंगणात लिंबाखाली रांजण असायचा, भोवती ओलं गोणपाट. बाहेर पारा 43 वर, हवा भाजलेल्या पापडासारखी, आणि रांजणातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवायचे. रांजणाखालच्या ओल्या वाळूत गल्लीतलं कुत्रं पोट टेकून दुपारभर पडलेलं असे. त्याला शास्त्रीय कारण कोणी विचारलं नव्हतं. तिकडं कूलर चालतो आणि इकडं तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करून टाकतो, तेही याच कारणानं.

दुसरा प्रश्न रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात. तेरा मीटरचा रूळ तीस अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटर वाढतो, हे मी सांगतोय तोवर ती म्हणाली, "मी आजीकडे जाताना बघते ना, फट कुठंय?" हीही बरोबर. मेन लाइनवर आता बहुतेक ठिकाणी रूळ वेल्ड करून लांबच लांब सलग केलेले असतात. स्लीपर आणि खडी त्यांना घट्ट आवळून धरतात, आणि प्रसरणासाठी खास सांधा असतो तो थेट त्या लांब पट्ट्याच्या टोकाला. आमच्या लहानपणीचा खडखट्-खडखट् आवाज गेला तो त्यामुळंच. पुस्तकात मात्र फट अजून आहे.

"मग काय लिहू?"

"फट असते असंच लिही."

उरलेले दोन प्रश्न तिनं मला न विचारताच उरकले. मग माठाच्या उत्तराकडं परत आली. चार ओळी सुबक अक्षरात, शेवटी ठसठशीत 'म्हणून मातीच्या माठातले पाणी थंड होते', अर्थात इंग्रजीत. वही मिटता मिटता थांबली. पेन्सिल काढून पुढे कंसात बारीक अक्षरात मराठीत लिहिलं, 'ठाण्यात थोडंसंच'.

"मार्क कापतील का हो काका?"

"कापतील बहुतेक."

तिनं क्षणभर विचार केला आणि खोडून टाकलं. टेबलावर राहिलेला खोडरबराचा चुरा फुंकून ती पळाली.